आमच्या ओढ्याच्या बाभळी

दिवाळीत चार दिवस गावाला जाऊन आलो. पहिल्याच सकाळी चहा घेता घेता दादा म्हणाला, "ओढ्याच्या बाभळी काढतोय. ट्रॉलीवाल्याशी बोलणं झालंय."

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. शेत तोच बघतो. मी पुण्यात बसून सातबाऱ्यावर नाव तेवढं राखून आहे. ओढा आमच्या वस्तीच्या मागून जातो आणि पुढे भीमेला मिळतो. त्याच्या दोन्ही काठांना मिळून चौतीस बाभळी आहेत. (नंतर मोजल्या. त्या सकाळी मी "शंभरेक झाडं तोडणार तू!" असं म्हणालो होतो.)

"कशाला काढतोस?"

"बिबट्या बसतंय तिथं."

मग पुण्याहून आलेल्या माणसानं जे जे बोलायचं असतं ते सगळं मी बोललो. झाडं, पक्षी, जमिनीची धूप, पुढच्या पिढ्या. दादा ऐकत होता. तो वाद घालत नाही, ऐकून घेतो आणि मग त्याला करायचं तेच करतो. पण दारातून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही परवा पुण्याला जाणार. पहाटं धारंला मी जाते."

गोठ्यापासून ओढा पन्नास पावलांवर आहे. मी गप्प बसलो.

२०२४ च्या अखेरीला आमच्याच मांडवगण फराट्याच्या शिवारात बिबट्यानं लहान मुलांचे बळी घेतले, हे पुण्यातल्या माझ्या शेजाऱ्यांना आठवतही नसेल. वस्तीवर मात्र तेव्हापासून संध्याकाळी सहानंतर पोरं ओट्यावरून खाली उतरत नाहीत. तेव्हा वहिनींना उत्तर द्यायचं तर 'पुढच्या पिढ्या' हे शब्द जरा जपून वापरायला हवे होते.

ट्रॉलीवाल्याला दादानं माझ्या शब्दाखातर महिनाभर थांबवलं. त्या महिन्यात मी जुनी पुस्तकं काढून बसलो. लाकूड तोडायचं किती आणि रानातल्या जिवांसाठी राखायचं किती, हा वाद आमच्या वस्तीवर पहिल्यांदा झालेला नाही एवढं मला माहीत होतं. तो किती जुना आहे हे मात्र माहीत नव्हतं.

मांडवगणाची जागा मोठी गमतीची आहे. दक्षिणेला भीमा, तिच्या पलीकडे दौंड तालुका. उत्तरेला घोड. दौंडच्या वरच्या अंगाला दोघी एकमेकींना भेटतात आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आम्ही. दोन्ही नद्या भीमाशंकरच्या डोंगरांतून येतात, तिथला पाऊस घेऊन. आमच्या वाट्याला पाऊस येतो तो पर्जन्यछायेतला, म्हणजे आला तर आला. लहानपणी 'जंगल' म्हटलं की आम्ही पश्चिमेकडे बोट दाखवायचो. जंगल तिकडे, वर. इथं माळ, काळी रानं आणि नदी.

पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर चाळताना पहिला धक्का बसला. साहेबानं जिल्ह्यातल्या जंगलांचे तीन प्रकार केलेत: डोंगरातली, नदीकाठची आणि माळावरची. त्यातली नदीकाठची म्हणजे बाभळीची बनं आणि कुरणं. ती आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, भीमा आणि तिच्या बहिणींच्या गाळाच्या काठांवर होती आणि सरकारनं राखीव ठेवलेली होती. म्हणजे जंगल आमच्याकडेही होतं, आणि मी पन्नास वर्षं त्याला 'काट्यांचं रान' म्हणत आलो.

त्याहून मागे जायचं तर लांब जावं लागत नाही. घोडेच्या काठावरचं इनामगाव आमच्या शेजारचंच. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी (सांकलिया, ढवळीकर, अन्सारी) १९६८ पासून पुढे जवळजवळ पंधरा वर्षं तिथं उत्खनन केलं. इसवीसनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकरी राहत होते. सातू पिकवत, जनावरं पाळत, कूड घालून घरं बांधत. सापडलेल्या हाडांत गाईबैल आणि शेळ्यामेंढ्यांबरोबर हरणांचीही हाडं आहेत. शेवटच्या काळात पाऊसमान घटलं, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक पुन्हा शिकारीकडे जास्त वळले, असं ढवळीकरांनी मांडलं आहे. शेती आटली की माणूस रानावर पडतो. माझ्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळाचं जे सांगितलं होतं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं. असो, ते पुन्हा कधीतरी.

आता आज्ञापत्राकडे येतो. शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं की शिवाजीमहाराजांनी झाडं तोडू नका असं सांगितलं. मूळ मजकूर काढून वाचला तर गोष्ट जास्त गुंतागुंतीची निघते, आणि मला वाटतं, जास्त शहाणपणाचीही. हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा, १७१५-१६ च्या सुमाराचा. त्यांची उमेद महाराजांच्या कारकिर्दीत घडलेली, म्हणून आपण त्यात महाराजांचं धोरण वाचतो. झाडांचा विषय निघतो तो आरमाराच्या प्रकरणात, म्हणजे लाकूड हवंच आहे, नुसती झाडं जपायचा उपदेश नाही. पंत सांगतात ते साधारण असं: सागवानासारखं लाकूड राज्यातल्या रानातून न्यायचं तर हुजुराची परवानगी घेऊन न्या. कमी पडेल ते परमुलखातून विकत आणा. आंबा आणि फणस यांचं लाकूडही जहाजाला उपयोगी, पण त्यांना हात लावू नका. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार उरत नाही. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मगच तोडा.

या परिच्छेदात दोन प्रश्न आहेत. हे झाड परत यायला किती वर्षं लागतील? आणि ते तोडल्यावर कुणाचं काय जातं? जनावरांचा, पाखरांचा उल्लेख तिथं नाही. तो त्या काळाचा प्रश्नच नव्हता, रान भरपूर होतं. पण 'तोडा' आणि 'तोडू नका' यांच्यामध्ये बसून, कोणतं, कुणाला विचारून, किती मोबदल्यात, असं तपशिलात शिरणारं हे मराठी डोकं मला फार आवडलं. (दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाभळीचं लिव्हलंय का?" नाही लिहिलेलं.)

इंग्रज आले तेव्हा त्यांनाही जहाजंच बांधायची होती. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागवानी जहाजं बांधत. १८१७ साली तिथं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगतं आहे. सागवानाचं लाकूड टिकतं, सागवानाची रानं टिकली नाहीत. ती झपाट्यानं विरळ व्हायला लागली तेव्हा १८४७ साली मुंबई इलाख्याला जंगलांचा संरक्षक नेमला गेला: अलेक्झांडर गिब्सन. हा मूळचा डॉक्टर. दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता, जुन्नरकडे हिवऱ्यालाही त्याची बाग होती. म्हणजे आपल्या जिल्ह्यात मुरलेला माणूस. डोंगरावरची झाडी गेली की खालचे झरे आटतात, हे त्यानं वरिष्ठांना परोपरीनं लिहून कळवलं. त्याला लाकूडही हवं होतं आणि झरेही. दोन्ही एकाच डोंगरातून कसे मिळवायचे याचं उत्तर त्यानं शोधलं ते तोडीवर पहारा बसवून. पहाऱ्याची ही पद्धत पुढे १८७८ च्या वन कायद्यानं पक्की केली.

मधल्या काळात रेल्वे आली. १८६० पर्यंत पुणे-सोलापूर लोहमार्ग पूर्ण झाला. दौंड त्याच मार्गावरचं. पुण्याची वाढती वस्ती, खडकीची आणि शिरूरची छावणी, या सगळ्यांच्या चुलींना जळण लागत होतं. आमच्या नदीकाठच्या बाभळींची किंमत साहेबाच्या लक्षात आली ती अशी. राखीव बनं केली गेली ती मोरांसाठी किंवा सशांसाठी केलेली नव्हती. जळण, गाड्यांची चाकं आणि अवजारं यांच्यासाठी केलेली होती.

इथं जरा बाभळीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा मामला तिच्या स्वभावावर आहे. बाभळीला ऊन लागतं. स्वतःच्या आईच्या सावलीत तिचं रोप तग धरत नाही. बी कठीण कवचाचं, लवकर रुजत नाही. शेळीनं शेंग खाल्ली की बी तिच्या पोटातून मऊ होऊन येतं आणि मग चांगलं रुजतं. त्यामुळे वनखात्यातही बाभळीच्या पेरणीला शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यातलं बी पसंत करत. पूर ओसरला की काठावर गाळ बसतो, त्यात ती उठते आणि पंधरा-वीस वर्षांत कामाला येते. म्हणजे हे झाड तोडल्याशिवाय त्याचं रान नवं होत नाही. पट्ट्यापट्ट्यानं तोड करायची, मधे बियाण्याची मोठी झाडं राखायची, तोडलेल्या पट्ट्यात काही वर्षं जनावर घालायचं नाही, मग मोकळं करायचं, हा हिशेब बाभळीला मानवणारा होता.

आता यातली गंमत बघा. बी रुजवायला शेळी हवी आणि रोप वाचवायला शेळी नको. वनखात्यानं दुसरा अर्धा भाग पक्का धरला. शेळ्या कोंडवाड्यात जाऊ लागल्या, दंड व्हायला लागले. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्यावर जो राग काढलाय तो नेमका याच दुखण्यावर आहे. डोंगर, टेकड्या, गायरानं सगळी जंगलात घातली आणि गरिबाच्या शेरडाकरडांना रानात वारा खायलाही जागा ठेवली नाही, असा त्याचा आशय. फुले पुणे जिल्ह्यातले, हे सगळं डोळ्यांनी बघणारे. आज्ञापत्रातला दुसरा प्रश्न, कुणाचं काय जातं हा, साहेबानं विचारलाच नव्हता.

तरीही बनं राहिली, आणि ती बरीच वर्षं राहिली. कारण तालुक्यातल्या प्रत्येक घराला बाभळ लागत होती.

आमच्या वाड्याच्या मागं एक बैलगाडीचं चाक टेकवून ठेवलेलं आहे. आजोबांचं. तुंबा, आरे, पुठ्ठे सगळं बाभळीचं, वर लोखंडी धाव. गावातल्या सुतारानं केलेलं. आजोबा सांगायचे की सुतार झाड निवडायला स्वतः यायचा. पुठ्ठ्याला मुळातच बाक असलेली फांदी, आऱ्याला सरळ. झाड उभं असतानाच त्यात त्याला चाक दिसायचं. लाकूड काही महिने मुरवायचं, मग हत्यार लावायचं. नांगर, कुळव, पाभर, जू, मोटेचा कणा, खाटेचे पाय... बाभळीशिवाय कुणबीक नव्हती. साल कातडी कमावायला, डिंक बाळंतिणीला, शेंगा शेरडांना, काटेरी फेसाट्या कुंपणाला, काडी दातांना. आणि उरलंसुरलं चुलीत आणि गुऱ्हाळात.

आणि हे सगळं चालू असताना तिथं जे राहायचे ते राहतच होते. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे. काटा असल्यानं तिथं मांजर, साप सहजी पोचत नाहीत. बगळ्यांच्या वसाहती. बुडाशी ससे, मुंगूस, तितर. खोकड. लांडगा रात्री माळावरून नदीवर पाण्याला उतरायचा तो याच बनांतून, असं धनगर सांगतात. खाली इंदापूर तालुक्यात भादलवाडीच्या तलावात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी आहेत. भिगवणला रोहित बघायला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून तिथं जरूर जावं. एवढा मोठा, गुलाबी पिसांचा पक्षी आणि बसलाय कुठं, तर बाभळीवर!

माझ्या मनात घोळत होतं ते इथं येऊन जरा स्पष्ट झालं. आमच्या नदीकाठची बाभूळबनं तोडीमुळे संपली असं मी धरून चाललो होतो. तसं झालेलं नाही. जोवर लोक तोडत होते तोवर राखतही होते. ट्रॅक्टर आला, गाडी गेली. विजेचा पंप आला, मोट गेली. लोखंडी नांगर, गॅसची शेगडी. मग घोड आणि चासकमानचं पाणी कालव्यांनी फिरलं, ऊस आला, कारखाने आले. ज्या गाळाच्या काठावर फक्त बाभळ यायची तो काठ सोन्याच्या भावाचा झाला. बाभळीची गरज कुणालाच उरली नाही, सुताराला नाही, धनगराला नाही, खात्यालाही नाही. त्या जागी आज एक तर ऊस आहे नाही तर वेडी बाभूळ, जिच्या जाळीत ना सुतार शिरतो ना सुगरण घर बांधते. आजच्या कायद्यालाही गावठी बाभळीचं काही पडलेलं नाही. खाजगी जमिनीवरच्या तोडीला परवानगी लागणारी झाडं १९६४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात यादी करून दिली आहेत. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा वगैरे. पंतांचे आंबा-फणस तिथं आहेत. बाभूळ नाही.

याचा अर्थ सगळीकडे तोड चालू द्यावी असा कुणी काढू नये. वर, जिथून आमची नदी येते, तिथं हिशेब उलटा आहे. भीमाशंकरचं रान सदाहरित. तिथली रोपं मोठ्या झाडांच्या दाट सावलीत, सावकाश वाढतात. छत उघडं पडलं की ऊन शिरतं, आणि मग येतं ते वेगळंच झुडूप. शेकरू त्या छतावरून फिरतो. या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारत जाणारा प्राणी तो, जमिनीवर क्वचित उतरतो, घरटं उंच फांद्यांच्या टोकाला. दोन झाडांमधली चार झाडं काढली तर त्याच्या दृष्टीनं रस्ताच तुटला. तिथं कोळशाच्या भट्ट्यांपायी आणि ठेकेदारांपायी रान जात होतं. देवराईला मात्र लोकांनी हात लावू दिला नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून नोंदल्या तेव्हा कित्येक ठिकाणी आजूबाजूचं रान उघडं आणि मधोमध देवाचं तेवढं गर्द, असं चित्र होतं. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. महादेव कोळ्यांच्या राबावर, सरपणावर त्यामुळे बंधनं आली आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला सरकारला फार वेळ लागला. पण मोठी झाडं तोडायची नाहीत हा निर्णय तिथं बरोबरच होता असं मला वाटतं. ते झाड पंधरा वर्षांत परत येत नाही.

माळावर तिसराच प्रकार. तिथं लाकूड नव्हतंच, आणि नसणंच बरोबर होतं. चिंकारा, लांडगा, खोकड यांना गवत आणि मोकळं आकाश लागतं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य (१९९७, अवघे पाच चौरस किलोमीटर) चिंकाऱ्यांसाठीच झालं. हेच ते सुपे जिथं १८७५ साली सावकारांच्या वह्या जळल्या आणि 'दख्खनचे दंगे' सुरू झाले. पण आजूबाजूच्या कित्येक माळांवर 'पडीक' म्हणून चर खणले, गिरिपुष्प लावलं, वर वृक्षारोपणाच्या पाट्या. चांगल्या हेतूनं लावलेल्या झाडांनीसुद्धा रानातला जीव हाकलला जातो, हे समजायला मला बराच काळ लागला. मीही कॉलेजात असताना एका टेकडीवर उत्साहानं खड्डे खणलेले आहेत.

राहिला बिबट्या. वहिनींचा प्रश्न तोच आहे आणि वरच्या सगळ्या इतिहासानं त्याचं उत्तर मिळत नाही.

बिबट्या आमच्याकडे जंगल तुटलं म्हणून 'पळून' आला असं वर्तमानपत्रांत सारखं वाचायला मिळतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूरचा बिबट्या आता उसातच जन्मतो. दहा-बारा महिने उभं, दाट, पाणी असलेलं रान. कुत्री, डुकरं, शेळ्या हाताशी. त्याच्या कैक पिढ्यांनी भीमाशंकर पाहिलेलं नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबटे पकडून लांब जंगलात सोडायचा सपाटा लागला होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते सोडण्याच्या काळात सतरावर गेले. म्हणजे 'याला त्याच्या घरी नेऊन सोडा' हा उपाय उलटला, कारण त्याचं घर इथंच होतं. त्यानंतरही प्रश्न सुटलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला आणि शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. ज्यांचं मूल गेलं त्यांना मी पुण्यातून काही सांगावं अशी माझी प्राज्ञा नाही.

पण दादाला एक गोष्ट सांगता आली. ओढ्याच्या चौतीस बाभळींच्या मागं आपला साडेतीन एकर ऊस आहे. बाभळी काढल्या तरी बिबट्याला बसायला ऊस राहतोच. उलट जुन्या बाभळीचं बूड मोकळं असतं, आरपार दिसतं. दिसत नाही ते तिच्या खाली माजलेल्या वेड्या बाभळीतून आणि घाणेरीतून.

तो म्हणाला, "मग ये आन् दाखव."

पुढच्या रविवारी गेलो. वहिनी, दादा, त्यांचा धाकटा मुलगा आणि मी, चौघं ओढ्यानं फिरलो. झाडांना चुन्याच्या खुणा केल्या. कुठलं जाणार हे वहिनींनी ठरवलं, कारण पहाटे तिथून त्या चालतात. गोठ्याच्या बाजूची बारा गेली. दहा आधीच वाळलेली किंवा पोखरलेली होती. दोन चांगली होती, एकीवर सुगरणीचे जुने खोपे होते, पण ती अगदी गोठ्याच्या कोपऱ्याला होती. तिथं मी काही बोललो नाही. बावीस राहिली. खालची वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढली, त्याला जेसीबी लागला आणि ट्रॉलीवाल्यानं दिलेले जवळजवळ सगळे पैसे त्यातच गेले. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत दोन दिवे लागले. गोठ्याला जाळी लागायची आहे.

सरळ बुंधे दोन निघाले. गावात आता चाक करणारं कुणी नाही. दादानं ते शेडमध्ये टाकून ठेवलेत, खाटेचे पाय करायचे म्हणून. मुरायला हवेत आधी.

परवा वहिनींचा फोन आला. धनगरांचा वाडा खालच्या रानात दोन रात्री बसला होता. त्यांच्या लेंड्यांतलं बी पोरानं गोळा करून ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला, गोठ्यापासून लांब, टाकलंय म्हणे. "पाऊस पडल्यावर बघू किती येत्यात," म्हणाल्या. आणि येताना टॉर्चचे सेल घेऊन या, मोठे, गावात मिळतात ते टिकत नाहीत.